आदिवासींना सोबत घेऊन धरणाचा तळ कसा मोजावा

नाशिककडच्या गंगापूर, काश्यपी किंवा ऊर्ध्व वैतरणेच्या जलाशयात मासे कुठे राहतात, तळ कसा आहे, याचा नकाशा काढायचं मनात असेल, तर आधी प्रस्तावात 'आदिवासी समाजाच्या सहभागातून' एवढं टाका. त्याशिवाय निधी हलत नाही. सहभाग म्हणजे काय, ते निधी आल्यावर बघता येतं.

पहिली बैठक नाशकात एसी हॉलमध्ये ठेवा. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या महादेव कोळी नि कातकरी मंडळींना दहाला बोलवा, म्हणजे पहाटे लावलेलं जाळं तसंच टाकून ती येतील. तुम्ही अकराला या. मग पडद्यावर सोनार, म्हणजे आवाजाने तळ मोजणारं यंत्र, समजावून सांगा: आवाजाची लहर पाण्यातून सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जाते, खडकावर आपटून जोरात परतते, चिखलात बरीचशी विरते. मागून एखादे बाबा म्हणतील, "आमी बांबू टेकवतो, तेवढ्यावर कळतं." खडक टणकन हाताला लागतो, वाळू करकरते, चिखल बांबू धरून ठेवतो, हे त्यांनी हातवारे करून सांगायला घेतलं की चहा आल्याचं जाहीर करा. दुपारी मिसळ द्या. फोटो मात्र मिसळीचा नको, नकाशावर बोट ठेवलेल्या बाबांचा हवा.

होडी त्यांचीच घ्या. काठालगत उथळ पाण्यात ताटाएवढे खळगे दिसले, तर बाबा सांगतील की ही चिलापी (तिलापिया) माशाच्या नराने केलेली घरं. मादी अंडी तोंडात धरून फिरते, आणि ही जात माजल्यापासून जुने मासे जाळ्यात कमी येतात. चिलापी भारतात १९५२ साली बाहेरून आणली गेली, तेव्हा बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. तरी तुम्ही 'अनियमित तळ' एवढंच लिहा. तक्त्यात त्याहून मोठा रकाना नसतो.

पहिल्या पावसात वलगणीचे मासे कुठल्या ओहोळाने वर चढतात, कुठे अंडी टाकतात, तेही ते दाखवायला निघतील. नम्रपणे थांबवा. निधी ३१ मार्चला संपतो. मासे जूनमध्ये चढत असतील तर तो नियोजनाचा अभाव माशांचा.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क आहे, आणि जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावरचाही. हे कागद बैठकीत वाटू नका. कॅनडातल्या हैडा आदिवासींचा विषय तर काढूच नका. तिथल्या सरकारने १९९३ साली ग्वाई हानास बेटांसाठी त्यांच्याशी करार केला. कारभार पाहणाऱ्या मंडळावर दोन्ही बाजूंची माणसं सारखी. असलं काही कानावर गेलं तर बाबा हॉलमध्ये पुढची खुर्ची मागतील.

नकाशा झाला की इंग्रजीत छापा. कुठल्या डोहात मोठा मासा दडतो, तिथे ठळक लाल ठिपका द्या. मासेमारीचा ठेका घेणाऱ्याला शोधत बसायला नको. बाबांनी प्रत मागितली तर संकेतस्थळाचा पत्ता द्या. आभाराच्या पानावर 'स्थानिक समाज' असा उल्लेख पुरे, नावं घातली की यादी लांबते.

राहता राहिलं होडीचं भाडं. ते पुढच्या आर्थिक वर्षात बघू म्हणावं; पावतीवर अंगठा तेवढा आजच घेऊन ठेवा.