'पोरगा अजून शिकतोय' म्हणे. मग शिकवतंय कोण?

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेज फुटबॉलवेड्या गावात एकच रड सुरू होते. एवढा गाजावाजा करून आणलेला फाइव्ह-स्टार (देशातल्या सर्वोत्तम हायस्कूल खेळाडूंपैकी एक) पोरगा बेंचवर का? कोचचं उत्तर ठरलेलं: आमचा डिफेन्स (समोरच्याला अडवायची पद्धत) अवघड आहे, तो अजून प्लेबुक (डावांचं पुस्तक) शिकतोय. मग चाहत्यांचे दोन तट पडतात. अर्ध्यांना पोरगं मठ्ठ वाटतं, अर्ध्यांना कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्स आखणारा कोच, दीडशहाणा. आमच्या कोलंबसच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. क्रिकेटवरून होत नाहीत तेवढी भांडणं इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सेकंडरीवरून (डिफेन्सच्या मागच्या फळीवरून) होतात.

माझं म्हणणं असं की अवघड डिफेन्समुळे नवी पोरं बाहेर बसतात हे अर्धंच खरं आहे. अवघडपणा कुणाच्या डोक्यावर किती ठेवायचा, हे कोच ठरवतो. ऑफिसात नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात आपण अख्खी सिस्टिम देत नाही, एक मॉड्यूल देतो. काही कोऑर्डिनेटर मात्र अकराही जणांना अख्खी सिस्टिम देतात आणि मग 18 वर्षांचं पोरगं गोंधळलं की त्यालाच नावं ठेवतात.

अवघड म्हणजे काय, ते एका कव्हरेजवरून, म्हणजे पास अडवायच्या आखणीवरून, बघा. त्याला टू-रीड म्हणतात. मैदानाच्या एका बाजूला समोरच्या संघाचे दोन रिसीव्हर (पास झेलणारे) उभे, एक कडेला, एक आत. आपला कॉर्नरबॅक (कडेचा रक्षक, थोडक्यात कॉर्नर) कडेच्यासमोर उभा असतो, पण नजर ठेवायची आतल्यावर. आतला सरळ पुढे पळाला तर तो सेफ्टीचा (सगळ्यात मागच्या रक्षकाचा), आणि कॉर्नरने कडेचा धरायचा. आतला झटकन साइडलाइनकडे वळला तर कॉर्नरने त्याच्यावर झडप घालायची आणि कडेचा सेफ्टीने घ्यायचा. कागदावर सोपं आहे. मैदानात हे ठरवायला स्नॅपनंतर (चेंडू खेळात आल्यावर) जेमतेम एखादा सेकंद मिळतो आणि दोघांनी एकच गोष्ट वाचावी लागते. त्यात स्नॅपच्या आधी पलीकडचा रिसीव्हर धावत या बाजूला आला की दोनाचे तीन होतात, कॉलच (ठरलेला डावच) बदलतो, आणि तो बदल ओरडून सगळ्यांपर्यंत पोचवायचं काम बहुतेक वेळा सेफ्टीचं. कॉर्नरने झडप घातली आणि सेफ्टीही त्याच माणसामागे गेला, तर कडेचा रिसीव्हर एकदम मोकळा. टचडाउन. टीव्हीवर दिसतो तो मागून धावणारा कॉर्नर, शिव्याही त्यालाच.

हे शिकायला वेळ किती? एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाने हंगामात आठवड्याला 20 तास, दिवसाला जास्तीत जास्त 4, आणि एक दिवस सुट्टी. सराव, वजनं उचलणं, सामन्यांची फिल्म बघणं, मीटिंग, सगळं त्यात आलं. (पोरं स्वतःहून रात्री फिल्म बघतात ते वेगळं.) शिवाय कॉलेज आहे, परीक्षा आहेत. एनएफएलमधला, म्हणजे व्यावसायिक लीगमधला, माणूस दिवसभर हेच करतो. म्हणून एनएफएलचं प्लेबुक जसंच्या तसं कॉलेजात आणणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे मी संशयानेच बघतो.

नोटर डेम विद्यापीठाचा 2016 चा हंगाम आठवा. ब्रायन व्हॅनगॉर्डर 2014 पासून तिथला डिफेन्स सांभाळत होते. त्याआधी ते एनएफएलमध्ये अटलांटा फाल्कन्सचे कोऑर्डिनेटर होते, नंतर जेट्सकडे. त्यांचा डिफेन्स कॉलेजच्या पोरांना झेपत नाही, ही ओरड जुनीच होती. त्या वर्षी टेक्सासने 50-47 हरवलं, मिशिगन स्टेटने 36-28, आणि घरच्या मैदानावर ड्यूकने 38-35. दुसऱ्याच दिवशी व्हॅनगॉर्डरना नारळ. हंगाम 4-8 वर (4 विजय, 8 पराभव) संपला. पुढच्या वर्षी वेक फॉरेस्टहून माइक एल्को आले, त्यांनी डिफेन्स आटोपशीर केला, आणि बरीचशी तीच पोरं असताना संघ 10-3 झाला. (ताकदीच्या तयारीचा कोचही तेव्हा नवा आला होता, त्यामुळे सगळं श्रेय एल्कोंना देऊ नका.) 2016 च्या त्या पडझडीत ज्युलियन लव्ह नावाचा पहिल्या वर्षाचा कॉर्नर होता. 2018 मध्ये तोच ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, ठरला.

पण सोपं केलं की झालं, असंही नाही. हे आम्हा कोलंबसकरांना कुणी सांगायला नको. 2021 मध्ये आमचे कोऑर्डिनेटर केरी कूम्ब्स यांचा डिफेन्स साधा होता, बहुतेक वेळ एक सेफ्टी मागे. डेन्झेल बर्क हायस्कूलमध्ये मुख्यतः रिसीव्हर, तो पहिल्याच सामन्यात कॉर्नर म्हणून उतरला आणि चांगला खेळला. नवीन पोरगा मैदानात आला, छानच. पुढच्याच आठवड्यात ओरेगॉन आमच्या स्टेडियममध्ये आलं आणि तीच ती धाव पुन्हा पुन्हा खेळून 35-28 जिंकून गेलं. त्यांच्या सी. जे. व्हर्डेलने एकट्याने 161 यार्ड काढले. आम्ही काय करणार हे त्यांना पाठ होतं! हंगाम संपल्यावर कूम्ब्सच्या जागी जिम नोल्स आले आणि अवघडपणा परत आला.

आणि आयोवा? फिल पार्कर 2012 पासून तिथे कोऑर्डिनेटर आहेत. काय येणार हे समोरच्याला आधीच माहीत असतं, तरी आयोवाची पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं थांबतात. कारण तिथे पावलं कशी टाकायची, हात कुठे ठेवायचे, हे घोटून घेतात, आणि 18 च्या अंगात 22 ची ताकद नसते. तिथे प्लेबुकला दोष देऊन काय उपयोग?

आता उलट टोक. अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन यांच्या कव्हरेजइतकी गुंतागुंत कॉलेजमध्ये क्वचितच कुणी केली असेल. त्याची मुळं आमच्याच ओहायोत आहेत: 1991 ते 1994 सेबन क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये मुख्य कोच बिल बेलिचिकच्या हाताखाली होते. तरी 2023 मध्ये अलाबामाकडून संघात सर्वाधिक, 107 टॅकल (चेंडूवाल्याला खाली पाडणं) कुणी केले? पहिल्या वर्षाच्या केलेब डाउन्सने, तेही सेफ्टी म्हणून. (सेबन निवृत्त झाल्यावर तो आमच्याकडे आला, हे ग्रुपवर अजून रोज ऐकायला मिळतं.) 2022 मध्ये सेबनच्याच चेल्याच्या, कर्बी स्मार्टच्या जॉर्जियात मलाकाय स्टार्क्सने पहिल्याच सामन्यात, त्याच ओरेगॉनविरुद्ध, हवेत झेपावून इंटरसेप्शन घेतलं (समोरच्याचा पास पकडला). तोही सेफ्टीच. दोघं असामान्य आहेत, कबूल. पण या घराण्यात पोराला शंभर कॉल पाठ करायला लावत नाहीत, थोडे नियम शिकवतात, आणि ते बऱ्याच कॉलना लागू पडतात. मला फरक इथे दिसतो.

2024 पासून तर डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला. प्ले-क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरेपर्यंत कोच त्याच्या कानात बोलू शकतो. गुंतागुंत त्या एका जुन्या गड्याच्या कानात ओता, नव्याला त्याचे दोन-तीन नियम द्या. एवढं तर जमावं.

पण कोऑर्डिनेटरला त्याहून सोपी वाट सापडलीय, ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी. 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलताना वर्षभर बसावं लागत नाही, त्यामुळे दुसरीकडे तीन वर्षं खेळलेला तयार सेफ्टी आणायचा आणि घरचा पोरगा तसाच ठेवायचा. तोही मग जानेवारीत बॅग भरतो. शिकवणं कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

2018 पासून 4 सामने खेळूनही पोराचं रेडशर्ट वर्ष वाचतं, ते वर्ष त्याच्या खेळायच्या वर्षांत मोजत नाहीत. म्हणजे सप्टेंबरात एखाद्या दुबळ्या संघावर 35-0 आघाडी असताना दोन कॉल देऊन त्याला उतरवायला काहीही आडवं येत नाही. तरी चौथ्या क्वार्टरमध्येही पाचव्या वर्षाचाच सेफ्टी उभा दिसतो, आणि सामना संपल्यावर कोच मायक्रोफोनसमोर म्हणतो, पोरगा अजून शिकतोय.