गट पंधराचाच असावा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच, पण पाठोपाठ जुना वादही नव्यानं पेटला: गडांवरची गर्दी आवरायची कशी? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे. शुल्क लावा, असेल तिथं वाढवा. इटलीत राहून हे वाचताना व्हेनिस आठवतं, कारण या शहरानं २०२४ साली दोन उपाय करून पाहिले. एक प्रवेशशुल्काचा, दुसरा गाइडबरोबर चालणाऱ्या गटांच्या आकाराचा. आपल्याकडे चर्चा पहिल्याचीच होते. आमच्या मते खरं काम दुसरा करतो.

शुल्काचं आधी उरकून टाकू. २०२४ मध्ये गर्दीचे २९ दिवस निवडून, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, मुक्कामाला न राहणाऱ्या पाहुण्यांकडून ५ युरो घेतले. पुढच्या वर्षी दिवस ५४ केले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो लावले. पहिल्या वर्षी सुमारे २४ लाख युरो जमले, पण गर्दी काही हटली नाही. विमानाचे पैसे भरून आलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरत नाही.

गटांचा नियम ऑगस्ट २०२४ पासून आहे. एका गाइडबरोबर जास्तीत जास्त २५ माणसं, लाउडस्पीकर बंद, आणि पुलावर किंवा अरुंद गल्लीत थांबून माहिती सांगायची नाही. दोन वर्षांखालची मुलं मोजत नाहीत, शाळांच्या सहलींना सूट आहे. मोडला तर २५ ते ५०० युरो दंड.

पंचवीस म्हणजे साधारण अर्धी बस. हा आकडाही जास्तच आहे, आणि का ते गल्लीत शिरलं की कळतं. इथल्या गल्लीत बऱ्याचदा एकामागोमाग एकच चालावं लागतं. कालेत्ता वारिस्को नावाची गल्ली तर एका टोकाला जेमतेम ५३ सेंटिमीटर रुंद आहे. माणसामागे एक मीटर धरला तरी पंचवीस जणांची रांग २५ मीटर लांब होते, आणि तेवढ्यात एखादं वळण नाहीतर पूल येतोच. शेपटाला पुढचा दिसत नाही, तो चुकीच्या पुलावर चढतो. म्हणून जाणता गाइड पूल उतरून मोकळ्या चौकात थांबतो, शेवटचा माणूस आला की डोकी मोजतो आणि मगच बोलतो. बारा जण अर्ध्या मिनिटात गोळा होतात, पंचवीस जणांना दोन-तीन मिनिटं लागतात. दोन तासांच्या फेरीत दहा थांबे धरले तर वीस-तीस मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात.

लाउडस्पीकर गेले तसे मोठ्या गटांनी कानात घालायचे रिसीव्हर आणले. आवाजाचा त्रास थांबला, हे खरंच चांगलं झालं. पण त्यामुळे गाइड चालता चालता बोलू लागतो, ऐकणारे भिंतीकडे बघत पायरी चुकतात, आणि तीस मीटर मागे राहिलेल्यालाही सगळं ऐकू येत असल्यानं तो पाय उचलतच नाही. मधे जाड भिंतीचा कोपरा आला की आवाज तुटतो तो वेगळाच. पंधरा माणसांना उघड्या चौकात साधा गळा पुरतो.

बघण्याचंही तेच. व्हेनिसच्या चौकांत मधोमध दगडी काठाची विहीर असते. खरं तर ते पावसाच्या पाण्याचं टाकं. खाली मातीनं लिंपलेला खड्डा, त्यात वाळू आणि मधे विटांची उभी नळी. फरशीला बारीक उतार दिलेला असतो आणि विहिरीभोवती, बहुधा चार बाजूंना, भोकं पाडलेले दगड बसवलेले असतात. पाणी त्यातून खाली जातं, वाळूतून गाळत नळीत येतं. १८८४ मध्ये नळाचं पाणी येईपर्यंत शहर यावर जगलं. तो उतार नि ती भोकं बारा जणांना वाकून दिसतात. पंचविसातल्या मागच्या रांगेला पुढच्यांच्या पाठी दिसतात.

लहान गट महाग पडतो, हा आक्षेप रास्त आहे. समजा माणशी २० युरो, तर पंचवीस जणांचे ५०० होतात आणि बारा जणांचे २४०. म्हणून आयोजक गट फुगवतो. यावर तोडगा एकच, गाइडचं मानधन डोक्यांवर नाही, तर फेरीवर ठरवायचं. आणि शुल्क घ्यायचंच असेल तर ते याच मानधनाकडे वळवायचं, म्हणजे लहान गट श्रीमंतांपुरता राहणार नाही.

आता लोहगड घ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही एकापाठोपाठ, मधे नागमोडी पायऱ्या, चढणारे नि उतरणारे एकाच वाटेवर. पावसाळी रविवारी लोक आडोशाला कमानीखाली थांबतात, फोटो काढतात आणि सगळी वाट तुंबते. पायथ्याच्या तिकिटानं ही कोंडी सुटत नाही. पहिल्या दरवाजाआधी खालीच थांबून चारही दरवाजांची रचना सांगायची, मधे कुठंही थांबायचं नाही, पुढचा थांबा थेट महादरवाजा ओलांडून मोकळ्यावर. नाना फडणवीसांचं सोळाकोनी तळं हा बोलायचा खरा जागेवरचा थांबा. गट पंधराचा, दोन गटांत पंधरा मिनिटं. गाइड लोहगडवाडीतलेच, शिकवून, मानधन देऊन. शाळांना व्हेनिससारखी सूट मात्र नको. एसटीतून आलेल्या ४५ मुलांचे तीन गट करा, प्रत्येकाच्या शेवटी एक शिक्षक ठेवा.

एका बाबतीत व्हेनिसचा कित्ता अजिबात गिरवू नये. १९५१ च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहत होते, २०२२ मध्ये ते ५० हजारांच्या खाली आले. नियम आले तोवर ज्यांच्यासाठी ते हवे होते ती माणसं निघून गेली होती. पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत अजून घरं नांदती आहेत, आणि दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना तिथले लोक वैतागलेत. तिथं नियम आजच करता येतो: कुणाच्या पायरीवर नि खिडकीसमोर थांबा नाही, माहिती सांगायची ती चॅपलसमोर किंवा एखाद्या मोकळ्या जागेत, माइक नाही, आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी फेरीच नाही.