तिसऱ्या सहीची जागा

मागच्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे नागपूरचे निम्मे रस्ते अडलेले असताना, त्रिमूर्तीनगरला मोठेबाबांच्या घरी जेवताना एक वाद रंगला. विषय होता माझ्या भाच्याचा. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे बाहेर जायचे म्हणतो. सरकारी शिष्यवृत्तीवर बाहेर गेलेल्या मुलांकडून परत येण्याचे बंधपत्र लिहून घ्यावे, असे मोठेबाबांचे ठाम मत. भाऊजींचे म्हणणे वेगळे. नवी मुंबईत आता परदेशी विद्यापीठेच येऊ घातली आहेत, तेव्हा बेसा-बेलतरोडीचा प्लॉट विकून मुलाला जर्मनीला पाठवण्याची गरजच काय, असे ते विचारत होते. (नवी मुंबई आपल्यापासून आठशे किलोमीटरवर आहे आणि विदर्भाच्या अनुशेषात आता हीही भर पडली, असे मी म्हटल्यावर गाडी बराच वेळ भलत्याच रुळावर गेली.)

एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या या दोघांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती. बाहेर जाणे म्हणजे पूर्ण पदवीसाठी जाणे, घरच्यांच्या जोखमीवर जाणे आणि बहुधा तिकडचेच होऊन जाणे. एक सत्र बाहेर शिकून, तिथले श्रेयांक (म्हणजे क्रेडिट्स) पदरात घेऊन, पुन्हा आपल्याच वर्गात येऊन बसायचे, ही शक्यता त्या दोन तासांत कोणाच्याही तोंडी आली नाही. नागपुरात आपण ज्याला परदेशी शिक्षण म्हणतो त्यात देवाणघेवाण नाहीच, नुसती रवानगी आहे. आणि सुधारणेची सुरुवात इथून व्हायला हवी असे माझे मत आहे.

मी ड्रेस्डेनमधल्या एका तंत्रविद्यापीठात शिकवते आणि आमच्या विभागाच्या विद्यार्थी-विनिमयाचे काम माझ्याकडे आहे. हे काम अत्यंत रुक्ष आहे. दर सत्राला प्रागला, व्रोत्स्वाफला किंवा ल्योंला जाणारी काही मुले येतात आणि प्रत्येकासाठी एक अध्ययन करार भरावा लागतो: मूल तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे श्रेयांक किती आणि परत आल्यावर ते इकडच्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरले जाणार. त्यावर तीन सह्या लागतात, विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या संस्थेची आणि घेणाऱ्या संस्थेची. मूल निघण्यापूर्वीच हे ठरलेले असल्यामुळे परत आल्यावर त्याचे वर्ष वाया जात नाही. इरॅस्मस ही युरोपची विद्यार्थी-विनिमय योजना १९८७ साली सुरू झाली, श्रेयांकांची सामाईक पद्धत १९८९ पासून आधी काही संस्थांत वापरून पाहिली गेली आणि १९९९ साली बोलोन्यात २९ देशांनी एकमेकांशी जुळणाऱ्या पदव्यांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. म्हणजे युरोपने सगळे नियम जुळण्याची वाट न पाहता आधी मुले पाठवली आणि हिशेब जुळवत नेला.

या योजनेचे गोडवे मात्र मी गाणार नाही. अनुदान घरभाड्याला पुरत नाही, त्यामुळे संध्याकाळी उपाहारगृहात काम करून शिकणारी मुले अर्जच करत नाहीत आणि सुस्थितीतल्या घरांतली मुले जातात. यावर उपाय म्हणून २०२१ पासून एक छोटा प्रकार आला, ज्यात मूल ५ ते ३० दिवसच बाहेर राहते आणि उरलेले काम घरून ऑनलाइन करते. ब्रिटनने युरोपीय संघासोबत इरॅस्मसही सोडले आणि २०२१ मध्ये स्वतःची ट्युरिंग योजना काढली, पण तिच्यात बाहेर जाणाऱ्यांसाठीच पैसे होते, येणाऱ्यांसाठी नव्हते. तिच्यावरची मुख्य टीका हीच होती, आणि ती वाचताना मला वारंवार नागपूर आठवत असे.

कारण आपला रस्ताही एकेरीच आहे. २०२३-२४ या वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. उलट, केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार जगभरातून साऱ्या भारतात आलेले विद्यार्थी होते ४६,८७८. विनिमयाला किमान दुसऱ्या बाजूने कोणी यायला तरी हवे.

कायदा आडवा येतो असेही नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणारी श्रेयांकांची बँक आली आणि २०२२ च्या नियमांनी पात्र भारतीय विद्यापीठांना परदेशी विद्यापीठाशी जोडअभ्यासक्रम करण्याची मुभा दिली, ज्यात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक बाहेर मिळवता येतात. इरॅस्मसच्या पैशातूनही युरोपबाहेरच्या, अर्थात भारतातल्याही, संस्थांशी विनिमय करता येतो. त्यासाठी अर्ज युरोपातली संस्था करते आणि समोरच्या संस्थेने करार करून आपली बाजू सांभाळायची असते.

अडचण बारीकसारीक गोष्टींत आहे, आणि त्या बारीक आहेत म्हणूनच त्यांवर अधिवेशनात कोणी बोलत नाही. जर्मनीतले उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा नागपुरात परीक्षा तोंडावर आलेली असते. हिवाळी सत्र ऑक्टोबरला, म्हणजे आपले सत्र अर्ध्याहून जास्त झाल्यावर. आपल्या नव्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाला १२०० तास आणि ४० श्रेयांक, तर युरोपात ६० श्रेयांक आणि त्यांचे १५०० ते १८०० तास. हे कोष्टक एकदा बसून करावे लागते, पण ते विभागातल्या कोणाच्याही कामाच्या यादीत नसते.

गुणांची गोष्ट तर सांगायलाच हवी. जर्मनीत परदेशी गुणांचे रूपांतर बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्राने होते; तिथे १.० सर्वांत चांगले आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. कमाल १०० आणि उत्तीर्णतेला ४० धरले, तर आपले ७० टक्के म्हणजे त्यांचे २.५, आणि बऱ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांची सीमारेषा तिथेच असते. ६० टक्के म्हणजे ३.०, ज्याला इथे ‘समाधानकारक’ म्हणतात. आमच्या काळी प्रथम श्रेणी मिळाली की घरी पेढे वाटले जात. आपल्याकडे अमुक विषयात शंभरपैकी शंभर कधी कोणाला मिळतच नाहीत, हे त्या सूत्राला ठाऊक नसते. वर्गातला पहिला नंबर किती गुणांवर थांबला याचे पत्र महाविद्यालयाने दिले तर निवड समितीला संदर्भ तरी मिळतो. असे पत्र मला जर्मनीला येताना हवे होते. ज्या महाविद्यालयात मी शिकले तिथे चार महिने खेटे घातल्यावर उत्तर मिळाले की अशा पत्राचा नमुनाच नाही.

आता बंधपत्राकडे येते. मोठेबाबा दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातात, म्हणून मी त्यांना तिथलेच उदाहरण दिले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात हजर झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून घेतलेली खोलीही सोडावी लागली आणि नोकरीही सुटली. करार माणसाला परत आणू शकला, पण त्याला ठेवून घेणे कराराच्या हातात नव्हते. मोठेबाबा यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘तो काळ वेगळा होता.’ असेल. पण परत आलेल्या संशोधकाला आज नागपुरात तासिका तत्त्वावरची नेमणूक आणि महिनोन्महिने रखडणारे मानधन मिळत असेल, तर बंधपत्राने नेमके काय साधणार?

जर्मनी हे सगळे परोपकार म्हणून करत नाही, हेही भाऊजींना सांगणे भाग होते. पदवीनंतर नोकरी शोधायला इथे १८ महिने मिळतात, कारण या देशाला माणसे कमी पडत आहेत. डिसेंबर २०२२ मधला भारत-जर्मनी स्थलांतर करार त्याच गरजेतून झाला. पण दार उघडण्याआधी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना कागदपत्रांच्या पडताळणीचे वेगळे प्रमाणपत्रही काढावे लागते. प्लॉट विकून हे पैसे उभे केलेले मूल दोन वर्षांनी नागपुरातल्या पगारावर परतू शकत नाही. त्याला न परतायला आपणच लावलेले असते. एका सत्रासाठी गेलेल्या मुलावर हा बोजा पडत नाही. ते परत येते आणि पुढे कायमचे जायचे की नाही हे जग बघून ठरवते. नवी मुंबईतले परदेशी वर्ग त्याला पदवी देतील, पण ओळख नसलेल्या भाषेत घरमालकाशी भांडायला शिकवणार नाहीत. माझ्या मते तेही शिक्षणच आहे.

१९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे शंभर वर्षांचा पसारा आहे, शहरात व्हीएनआयटी आणि एलआयटी या तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत. यांपैकी एखाद्या विभागाने सुरुवातीला दोनच मुले पाठवावीत आणि दोन घ्यावीत. येणाऱ्यांसाठी वसतिगृहात दोन खोल्या ठेवाव्यात आणि त्यांना मे महिन्यात बोलावू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्यासोबत बसून मी एक अध्ययन करार नमुन्यादाखल भरला. त्याने विषय निवडले, आपल्या नावापुढे सही केली. घेणाऱ्या संस्थेच्या जागी माझे नाव आले. पाठवणाऱ्या संस्थेच्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात गेला. तिथल्या कार्यालयाने त्याला परीक्षा विभागाकडे पाठवले, परीक्षा विभागाने प्राचार्यांकडे, आणि प्राचार्य अधिवेशनाच्या कामात होते. परवा त्याचा निरोप आला की अजून कोणीतरी बघून सांगणार आहे.