ग्रुप ओढून नेत नाही, बाबांनो

पावसाळा सरला आणि पहाटे साडेपाचला बेळगावच्या टिळकवाडी-शहापुरातून दिवे लावलेल्या सायकली बाहेर पडायला लागल्या की ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा, तो मेसेज परत उगवतो. यंदा तो मला खानापूरहून आला, निपाणीहून आला आणि आमच्या गल्लीतल्या, अजून सायकलच न घेतलेल्या एका पोरानेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘शंभर किमी जमले म्हणजे दोनशे जमलेच, उरलेलं सगळं डोक्याचं काम. ब्रेव्हेचा मूळ नियमच आहे की एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं. मागे चिकटून राहा, ग्रुप ओढून नेतो. आदल्या रात्री पोटाला तडस लागेपर्यंत भात खा. तासाला एक लिटर पाणी प्या, तहान लागली म्हणजे उशीर झाला. पंप आणि ट्यूब एकाकडे असली की सगळ्यांची सोय. मागून बोलेरो ठेवली की चिंता मिटली. बिनधास्त या!’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही. नवी माणसं सायकलवर यावीत असं त्याला वाटतं, मलाही वाटतं. पण हा मेसेज वाचून आलेला माणूस नेमका निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या पायथ्याला बसलेला सापडतो आणि त्याच्यासाठी थांबलेले चौघे त्याच्याबरोबर वेळेबाहेर जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी त्या ‘मूळ नियमा’चं बघू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघतो. १८९७ साली इटलीत काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले, २३० किमी, उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळात. ही कल्पना १९०४ मध्ये आंरी देग्रांजने फ्रान्समध्ये आणली, हाच टूर द फ्रान्स सुरू करणारा. त्याच्या पद्धतीत खरोखरच सगळे एकत्र जायचे. पुढे कॅप्टन, तो ठरवेल तो वेग, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. पण १९२१ मध्ये देग्रांज आणि पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पारिझियां यांचं फाटलं. क्लबने मग आपले वेगळे ब्रेव्हे काढले, त्यात ज्याचा त्याचा वेग ज्याच्या त्याच्या हातात, फक्त ठरलेल्या वेळेत पोचायचं. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया या संस्थेचे ब्रेव्हे होतात ते याच दुसऱ्या जातीचे. दोनशे किमीला साडेतेरा तास, तीनशेला २०, चारशेला २७, सहाशेला ४०. कार्डावर तुमचं नाव, शिक्का तुमच्या कार्डावर, वेळ तुमची. ग्रुपच्या नावाने कार्ड निघतच नाही. म्हणजे मेसेजवाला ज्याला मूळ नियम म्हणतो, तो मोडूनच हा खेळ उभा राहिला.

आता ‘ग्रुप ओढून नेतो’. सपाटीवर, समोरून वारा असताना, पंचवीसच्या वर वेग असेल तर हो, पुढच्याच्या चाकामागे राहिल्याने कष्ट पुष्कळ वाचतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पंधरावरून तीसवर गेलात तर विरोध चौपट. उलटं बघा की मग. चढाला वेग आठ-दहावर आला की अडवायला हवा उरतच नाही, उरतं ते तुमचं वजन आणि सायकलचं वजन. ते पुढचा कसा उचलणार?

समजा रस्ता बेळगाव–कोल्हापूर–बेळगाव आहे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, कोल्हापूर साधारण ५५०. जाताना वंटमुरीचा घाट उतार, तवंदीचा घाट उतार. थंडी, ताजे पाय, गप्पा, फोटो. निपाणीत चहा पिताना सगळ्यांनाच वाटतं की आपण उगाच घाबरलो. मग परतीला, उन्हात, दीडशेच्या आसपास किलोमीटर पायात असताना तवंदी चढायचा; तो संपून संकेश्वर, हत्तरगी मागे टाकताय तोवर वंटमुरी. सकाळी ज्यांच्या मागे चिकटून तीसने आलात, त्यांचं चाक या दोन ठिकाणी काही कामाचं नाही.

त्यात वारा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो हे इथल्या कुणालाही सांगायला नको. परतीला दक्षिणेकडे तोंड, म्हणजे वारा उजव्या अंगावर. अशा वेळी आडोसा सरळ मागे मिळत नाही, मागे डावीकडे मिळतो. तो द्यायचा तर पुढच्याने उजवीकडे, म्हणजे ट्रकच्या बाजूला, सरकून चालवायचं. हायवेवर हे करायला मी कुणाला सांगणार नाही.

आणि चिकटून राहायचं म्हणजे काय, हेही मेसेज सांगत नाही. पुढच्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक शेजारीशेजारी आलं, पुढच्याने खड्डा चुकवायला जरा हात वळवला आणि चाकं घासली, तर पडतो मागचाच. पुढच्याला बऱ्याचदा फक्त आवाज येतो. म्हणून चाकाला चाक लावून चालवायचं ते ज्यांच्याबरोबर आधी चालवलंय त्यांच्याच मागे. कोण अचानक ब्रेक दाबतो, कोण बाटली काढताना डगमगतो, कोण गावाजवळच्या रम्बलर पट्ट्यांवर न सांगता उभा राहतो, हे एकमेकांचं माहीत पाहिजे. खुणा हाताच्या ठरवा. आपल्या ग्रुपात मराठी, कन्नड, कोंकणी सगळं असतं. घाईत एकजण ‘खड्डा’ ओरडतो, दुसरा ‘गुंडी’, आणि गोव्याहून आलेला विचार करत खड्ड्यात.

सगळ्यात महाग पडतं ते थांबणं. चालता वेग ताशी १८ धरा, नव्या माणसाला तो बरा आहे. दोनशेला ११ तास ७ मिनिटं गेली. साडेतेरातून उरले सुमारे दोन तास वीस मिनिटं. आता सहा जणांनी दिवसभरात प्रत्येकी दोनदा आपल्या कारणाने दहा मिनिटं थांबवलं, एकाची चेन, एकाचा फोन, एकाची लघवी, एकाला रील काढायचंय, की दोन तास गेले. जेवायला वीस मिनिटं उरली, ती सहा जणांची ऑर्डर येण्यात जातात. मधले कंट्रोलही, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायचे थांबे, घड्याळावरच चालतात. शंभराव्या किलोमीटरचा निघाल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो.

ग्रुप नको असं मी म्हणत नाही. पहाटे अंथरुणातून उठवायला ग्रुपसारखं दुसरं काही नाही, आणि एकट्याने वंटमुरी चढण्यापेक्षा दोघांनी शिव्या घालत चढलेला बरा. पण बोलणं निघायच्या आधी झालं पाहिजे. कुणाचा वेग कुणाशी जुळतो? मागे पडलेल्यासाठी कुठवर थांबायचं? माझ्या मते पंक्चर किंवा पडझड असेल तर थांबायचंच, वेग कमी पडतोय म्हणून थांबायचं नाही, कंट्रोलवर भेटू. यात रागवायचं काही नाही. सगळ्यात जास्त नुकसान हळू माणसाचंच होतं. पहिल्या पन्नास किलोमीटरला लाजेखातर तो आपल्या कुवतीबाहेर दामटतो, हत्तरगीपर्यंत हसत असतो, संकेश्वरला गप्प होतो. त्याला पहिल्यापासून आपल्या वेगाने जाऊ दिलं असतं तर तो सुखरूप पोचला असता, कदाचित तुमच्याही आधी.

‘शंभर जमले म्हणजे दोनशे जमलेच’ यात अर्धं खरं आहे. दोनशेच्या आधी सरावात दोनशे मारायची गरज नाही हे बरोबर. पन्नास, ऐंशी, शंभर, एकशेतीस-चाळीस असं आठवड्या-आठवड्याने चढत जा, मध्ये एखादा आठवडा हलका ठेवा, शेवटच्या आठवड्यात नुसते पाय मोकळे करा. पण उरलेलं डोक्याचं काम नाही, बुडाचं, तळव्याचं आणि मानेचं आहे. पाचव्या-सहाव्या तासानंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दबते. सीट बोटभर खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू ऐंशी किलोमीटरनंतर बोलायला लागते. शंभरात हे दिसत नाही, कारण दिसेपर्यंत तुम्ही घरी आलेले असता. इच्छाशक्तीने सीट वर होत नाही, पान्याने होते. आणि चढाचा सराव ताज्या पायांनी करून उपयोग नाही. येळ्ळूरचा राजहंसगड सगळेच सकाळी सकाळी चढतात. शंभर किलोमीटर करून परत येताना घराकडे न वळता एकदा तिकडे वळा, मग कळेल.

खाण्याचा मुद्दा. यकृतात आणि स्नायूंत मिळून साखरेचा साठा असतो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास. दोनशे किलोमीटरला याच्या दुप्पट सहज लागतात. टाकी भरल्यावर वरून ओतलेलं सांडतंच, मग भात अगदी बेळगावी बासमतीचा का असेना. आदल्या रात्री नेहमीचं जेवा, लवकर जेवा. खरं काम दुसऱ्या दिवशी, पहिल्या तासापासून: दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम. शिवाय चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गुळाचा खडा, रस्त्यात गुऱ्हाळ लागलं तर रस, बिनबर्फाचा. गोकाकचा करदंट खिशात ठेवायला उत्तम: गूळ, डिंक, सुकामेवा. बाहेरचे लोक शंभर रुपये देऊन एनर्जी बार घेतात, आपल्याकडे तो पिढ्यान् पिढ्या वडीत मिळतो. मात्र त्यात तूप आणि खोबरं असतं, म्हणून एका वेळी तुकडाच. कुंदा पोचल्यावर. आणि मिरची भजी घाटाच्या आधी तरी नको रे बाबा.

पाण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. तासाला एक लिटर म्हणजे बारा-तेरा तासांत बारा-तेरा लिटर. डिसेंबरच्या सकाळी, काकतीपाशी धुकं असताना, कुणाला एवढा घाम येतो? गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, आणि फार झालं तर आकडी, मृत्यूही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली होतं. २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते छापून आलं. धोका सगळ्यात जास्त कुणाला होता? शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना, आणि जे चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर होते त्यांना. म्हणजे जोरात पळणाऱ्यांना नाही, पाणी प्यायला भरपूर वेळ असलेल्यांना. आपण सगळे त्याच जातीचे.

तहान लागली की प्या. उन्हाळ्यात ती जास्त लागेल, जास्त प्या. आपल्याला घाम किती येतो ते बघायचं तर सरावाला निघताना आणि आल्यावर वजन करा, मधे प्यालेलं पाणी मिळवा. परत आल्यावर वजन वाढलेलं असेल, बोटातली अंगठी रुतत असेल, तर पाणी जास्त झालं. ओआरएस चांगलंच, पण पुडीवर लिहिलंय तसं पूर्ण एक लिटरमध्ये. त्या लिटरमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे अर्धं केळं. तेव्हा ओआरएस पितोय म्हणून खायचं सोडू नका.

पंप एकाकडे? एकाची सातशे-पंचवीस मापाची बारीक ट्यूब, दुसऱ्याची २९ इंची माउंटन बाईक. एकाचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, दुसऱ्याचा मोटरसायकलसारखा. यांची ट्यूब त्यांना जात नाही. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड प्रेस्टावर बसत नाही. वाटाण्याएवढा पितळी ॲडॉप्टर खिशात असला तर बसतं. एवढ्याशा वस्तूवाचून माणसं यमकनमर्डीच्या दुकानासमोर हवा असून हवेविना बसलेली मी बघितली आहेत. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, पॅच, ॲडॉप्टर. प्रत्येकाकडे, आणि प्रत्येकाने घरी एकदा मागचं चाक काढून परत बसवलेलं.

बोलेरोचं दोन वाक्यांत संपतं. कंट्रोल सोडून मध्ये कुठेही स्वतःच्या गाडीची मदत घेणं नियमात बसत नाही, धरलं तर बाद करतात. सोबतच्या रायडरने ट्यूब दिली तर चालते, मावसभावाने गाडीतून दिली तर नाही.

राहिलं ते मेसेजमध्ये मुळात नसलेलं. सकाळी सहाला निघून साडेतेरा तास म्हणजे संध्याकाळचे साडेसात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचा दीड तास अंधारात, आणि तोही ऊसतोडीच्या दिवसांत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. ती ट्रॉली तुम्हाला दिसते तेव्हा अंतर चार-पाच सायकलींचं उरलेलं असतं. पुढचा दिवा रस्ता दाखवणारा हवा, नुसता लुकलुकणारा नको. मागचे दोन, आणि ते पिशवीला अडकवलेले नकोत, फ्रेमला पक्के बांधलेले. ग्रुपमध्ये मागचा दिवा ब्लिंकवर ठेवू नका, मागच्याला तासभर डोळ्यांत टिकटिक सोसवत नाही, मग तो अंतर सोडतो किंवा रस्त्याकडे बघणं सोडतो. रिफ्लेक्टिव्ह जाकीट संध्याकाळी पिशवीतून शोधून काढायचं नसतं, अंधार पडायच्या आधी शेवटच्या चहाला अंगात घालायचं.