आत बसून बघा

गेल्या सोमवारी मी एका गाडीत अडकलो. गाडी उभी होती, तिला इंजिन नव्हतं, छप्परही नव्हतं. तरीही मला बाहेर काढायला तीन माणसं लागली आणि त्यातला एक जण दुसऱ्या हाताने आईस्क्रीम खात होता.

मागचं पुढचं थोडक्यात सांगतो. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीत राहतो. वीस वर्षं गाड्यांच्या धंद्यात आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर दरवाजाच्या बिजागऱ्या काढतो. खराखुरा बोल्ट शेवटचा पिळला तो सांगलीला, कॉलेजच्या वर्कशॉपात, तोही जर्नलवर सही मिळावी म्हणून. पंचेचाळिशी आली की कोणी मॅरेथॉन पळतं, कोणी बासरी शिकतं. मी ठरवलं, घरच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधायची. इकडे हा रीतसर छंद आहे. किट मिळतं. दरवर्षी मे महिन्याच्या बँक हॉलिडेला घराजवळच स्टोनली पार्कात अशा गाड्यांची जत्रा भरते. बायको म्हणाली, "मी पण येते. कुणीतरी शुद्धीवर असलेलं बरोबर हवं."

जत्रेत मुख्य दैवतं दोन. एक कोब्रा. १९६२ साली टेक्ससच्या कॅरोल शेल्बीने एसी नावाच्या इंग्रज कंपनीच्या नाजूक गाडीत फोर्डचं दांडगं व्ही-८ इंजिन कोंबलं, ती. खऱ्या कोब्रा हजाराच्या आसपास बनल्या. नकला किती, ते मोजायच्या भानगडीत पडू नये. दुसरी सेव्हन. कॉलिन चॅपमनने १९५७ साली काढलेली लोटस, म्हणजे चार चाकांवर ठेवलेली शवपेटीच, पण वळणावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. तिच्या नकला करणाऱ्यांत लोकॉस्ट नावाचा एक कर्मठ पंथही आहे. ते चौकोनी नळ्या आणून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडासुद्धा घरीच वेल्ड करतात. त्यांच्या तंबूवरून मी नजर चुकवून गेलो.

एका सेव्हनच्या नकलेपाशी थांबलो. शेजारी घडीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. मांडीवर थर्मास, पायाशी कुत्रं. त्याने मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "डोनर कोण?"

मला वाटलं, रक्तदान शिबिर आहे.

"डोनर! डोनर!" इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण याचं पुढचं बोलणं निखालस अरे-तुरेतलं होतं. "इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल कुठून काढणार? एमएक्स-५ घे. गंजलेली घे, स्वस्त पडते. माझ्या पहिलीला सिएरा होती. दुसरी कोब्रा, तिला जॅग्वार. मेव्हण्याची."

"त्याने दिली?"

"त्याला नंतर कळलं."

चार गाड्या बांधल्या होत्या त्याने. पाचवी एकोणीस वर्षं गॅरेजात होती. "झालीच आहे जवळजवळ," असं तो म्हणाला, आणि कुत्र्याने मान दुसरीकडे वळवली. मग त्याने मला परीक्षेबद्दल सांगितलं. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते. "परीक्षक शंभर मिलिमीटरचा गोळा घेऊन येतो. गोळा जिथे जिथे टेकेल, तिथली प्रत्येक कड अडीच मिलिमीटरने गोल पाहिजे. नाहीतर नापास. म्हणून आदल्या दिवशी सगळ्या कडांना रबर चिकटवायचं."

"आणि मग?"

"पास झालास की उपटायचं."

अडीच मिलिमीटर! सबंध जत्रेत मला कळेल अशी ही एकच गोष्ट निघाली होती. मी म्हटलं, "हे मला माहीत आहे. माझं कामच ते आहे. मी इंजिनिअर आहे." म्हाताऱ्याने माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात स्वच्छ होते. तो काही बोलला नाही, चहा ओतून घेतला. हे मला अजून लागून राहिलंय. वीस वर्षं मी त्या गोलाईंवर जीव टाकलाय हो!

आणि तेवढ्यात दुकानदार पुढे आला. "आत बसून बघा ना."

तो दुकानदार आहे हे मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्याचा दुकानाशी काडीचाही संबंध नव्हता. तिथे सावली होती म्हणून तो बसला होता.

सेव्हनमध्ये शिरणं म्हणजे पायजम्यात शिरण्यासारखं आहे, फक्त पायजमा ॲल्युमिनियमचा. सीटवर उभं राहायचं, दोन्ही पाय स्टिअरिंगखालून पुढे सारायचे आणि घसरत खाली जायचं. मी घसरलो. डाव्या अंगाला गिअरबॉक्सचा बोगदा, उजवीकडे बाजूचा पत्रा, मध्ये मी आणि वीस वर्षांची खुर्ची-नोकरी. बसलो तेव्हा 'टप्' असा आवाज झाला, बरणीचं झाकण लागल्यासारखा.

"कसं वाटतंय?" दुकानदाराने विचारलं.

"छान," मी म्हणालो. श्वास अर्धाच येत होता.

उठायला गेलो तर गाडी थोडी माझ्याबरोबर उठली.

इथून पुढे सूत्रं म्हाताऱ्याने हाती घेतली. जागचा न उठता. "स्टिअरिंग काढा!" काढलं. "डावा गुडघा आधी!" गुडघा गेला, पण बूट दोन पेडलांच्या मध्ये बसला. "कितीचा बूट?" मी आकडा सांगितला. तो त्याने जमलेल्या लोकांना मोठ्याने ऐकवला. एक लहान मुलगा बापाला म्हणाला, "हे काका गाडीबरोबरच मिळतात का?" बायको व्हिडिओ काढत होती. दुकानदार धीर देत होता आणि म्हातारा तत्त्वज्ञासारखा म्हणाला, "काळजी करू नकोस. आजपर्यंत सगळे बाहेर आलेत. शेवटी."

आलो. बूट मागाहून आला.

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण मी बूट घालतोय तोवर दुकानदाराने गाडीभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: कृपया आत बसू नये. तीही ठीक. पण दहा मिनिटांनी कोब्रा बघून परत येतोय तर एक काटकुळं जोडपं आलेलं, आणि दुकानदार दोरी उचलून म्हणतोय, "बसून बघा ना." म्हणजे पाटी सर्वांसाठी नव्हती.

बरं, जे विकत होता त्याला किट म्हणायचं! पत्रकावर किंमत ढळढळीत, आणि खाली मुंगीच्या अक्षरात: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, टायर, सीट व रंग वगळून. मग राहिलं काय? उद्या कोणी मोदकाचं किट म्हणून नुसता साचा विकेल. याहून चॅपमन सरळ म्हणायचा. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, पण जोडणीच्या सूचना दिल्या की कर लागू. तर म्हणे गाडी उलगडायच्या सूचना द्यायचे, गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचायच्या. ही अक्कलहुशारी वाचून मला एकदम आपल्या गावी आल्यासारखं वाटलं होतं. १९७३ साली व्हॅट आला आणि ती मजा गेली.

संध्याकाळी टेप घेऊन गॅरेज मोजलं. रुंदी जेमतेम अडीच मीटर. त्यात सोना मसुरीची दोन पोती, गणपतीचं मखर, आणि नको म्हणूनही टाकवत नाही असा ट्रेडमिल. तो बघून बायको काही बोलली नाही, फक्त हसली. व्हिडिओ तोवर 'समस्त परिवार' ग्रुपवर गेला होता. मिरजेच्या मामांचा प्रश्न आला होता: 'बाळ, अपघात कुठे झाला?'

नंतर पत्रकात एक ओळ सापडली. रुंद चासी मिळते. किती जास्त पैसे ते लिहिलं नव्हतं, चौकशी करा असं होतं. मंगळवारी सकाळी फोन लावला. म्हटलं, "ती रुंद चासी..."

पलीकडे जरा शांतता. मग तोच आवाज. "तुम्हीच का ते, कालचे, आतले?"

मी म्हटलं, "राँग नंबर," आणि फोन ठेवला. फोन मीच केला होता.