‘आयमेसेज अँड्रॉइडला दिलं नाही ते सुरक्षेसाठीच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नातेवाइकांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक म्हणणं पुन्हा पुन्हा फिरत असतं, घरातलं कोणी अमेरिकेत असेल तर हमखास. ते थोडक्यात असं: ॲपलला आयमेसेज, म्हणजे फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालणारी त्यांची मेसेजची सोय, अँड्रॉइडवर आणणं तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं नाही, आणलंच तर आयफोनवाल्यांची सुरक्षा धोक्यात येईल, वस्तू कंपनीची आहे, कोणाला द्यायची ते कंपनी ठरवेल, नको असेल त्याने घेऊ नये, आणि आपण भारतात व्हॉट्सॲप वापरतो, आपल्याला काय त्याचं. यातला एकही मुद्दा मला पटत नाही. पहिला तर कंपनीच्या स्वतःच्याच पत्रव्यवहारापुढे टिकत नाही.

‘जमत नाही’ म्हणजे काय? ऑक्टोबर २००३ मध्ये ॲपलने आयपॉडवर गाणी भरायचं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर विंडोजवर आणलं, तेही मायक्रोसॉफ्टशी इतक्या वर्षांची स्पर्धा असताना. आयपॉडचा खप खरा वाढला तो त्यानंतर. अँड्रॉइडसाठीही ॲपलने ॲप्स बनवली आहेत. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ‘मूव्ह टू आयओएस’ आलं, नोव्हेंबरमध्ये ॲपल म्युझिक. पहिलं ॲप अँड्रॉइडवाल्याचा डेटा हलवून त्याला आयफोनकडे आणतं, दुसरं त्याच्याकडून दरमहा पैसे आणतं. आयमेसेज यातलं काहीच करणार नव्हतं. उलट ते अँड्रॉइडवर गेलं असतं तर आयफोन सोडणं सोपं झालं असतं.

हा माझा तर्क नाही. एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर खटला भरला होता. त्याचा विषय वेगळा होता, ॲप स्टोअरचे नियम आणि कमिशन. पण त्या निमित्ताने २०२१ मध्ये कंपनीतले ईमेल उघड झाले. २०१३ साली एडी क्यू हे वरिष्ठ अधिकारी आयमेसेज अँड्रॉइडवर न्यावं असं म्हणत होते. सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की, ज्या घरांत आयफोन आहेत ते आईवडील मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देताना आज अडतात, आणि हा अडसर आपण आपल्या हाताने दूर करू. पुढे २०१६ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याने लिहिलं की ॲपलचं जग सोडताना सगळ्यात जड जातं ते आयमेसेज. त्यावर मार्केटिंगप्रमुख फिल शिलर यांचा शेरा होता की ते अँड्रॉइडवर नेलं तर आपला फायद्यापेक्षा तोटाच जास्त होईल, आणि का, ते या ईमेलवरूनच कळतं.

त्या पहिल्या ईमेलमधला ‘मुलांना’ हा शब्द मला फार खटकतो. अमेरिकेत शाळकरी मुलांचे ग्रुप आयमेसेजवर चालतात. त्यात एक अँड्रॉइडवाला आला की एरवी निळे दिसणारे मेसेज हिरवे व्हायचे, व्हिडिओ धूसर व्हायचे, ग्रुपमधल्या सोयी बंद पडायच्या, आणि दोष त्या मुलाच्या माथी यायचा. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात ॲपलवर मक्तेदारीचा दावा लावला, त्यात किशोरवयीन मुलांना असं वगळलं जाण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. न्यू जर्सीत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

आता सुरक्षा. हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो, म्हणून जरा थांबून बघू. आयमेसेजचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत, हे खरं आहे. पण समोरच्याकडे अँड्रॉइड असेल तर काय होत होतं? आयफोन तोच मेसेज साध्या एसएमएसने पाठवत होता, आणि एसएमएसला असलं कुठलंच कुलूप नसतं. म्हणजे भरपूर पैसे मोजून आयफोन घेतलेल्या माणसाचं, त्याच्या अँड्रॉइडवाल्या बहिणीशी झालेलं बोलणं वर्षानुवर्षं उघड्यावर होतं. व्हॉट्सॲपने २०१६ पासून दोन्हीकडच्या फोनवर कुलूपबंद मेसेज दिले, सिग्नल हे ॲप तर देतंच. सुरक्षा हाच हेतू असता तर अँड्रॉइडचं ॲप काढणं हा सरळ उपाय होता.

डिसेंबर २०२३ मधल्या ‘बीपर मिनी’चं उदाहरण हटकून दिलं जातं. या ॲपने आयमेसेज अँड्रॉइडवर चालवून दाखवलं आणि ॲपलने काही दिवसांतच ते अडवलं. तिऱ्हाइताने आपल्या यंत्रणेत मागच्या दाराने शिरू नये, हे ॲपलचं म्हणणं मला मान्य आहे. पण पुढचं दार बंद ठेवण्याचं समर्थन त्यातून होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एका कार्यक्रमात श्रोत्यांतल्या एकाने तेव्हाचे ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना सांगितलं की माझ्या आईला मी धड व्हिडिओ पाठवू शकत नाही. उत्तर मिळालं, आईला आयफोन घेऊन द्या. तिथे सुरक्षेचं नावही निघालं नाही. पुढे आयफोनच्या आयओएस १८ या प्रणालीबरोबर, सप्टेंबर २०२४ मध्ये, एसएमएसच्या जागी आरसीएस ही नवी पद्धत आली. फोटो-व्हिडिओ सुधारले, पण ते कुलूप सुरुवातीला त्यातही नव्हतं.

‘नको असेल त्याने घेऊ नये’ याला उत्तर सोपं आहे. फोन घेताना माणूस फोन निवडतो. पाच वर्षांनी तो बदलताना सगळ्या गोतावळ्याशी असलेला धागा तुटेल, हे तेव्हा त्याला कोणी सांगत नाही. असं बांधून ठेवणं बेकायदा आहे का, ते न्यायालय ठरवेल. दावा सुरुवातीलाच फेटाळावा ही ॲपलची मागणी जून २०२५ मध्ये नाकारली गेली, एवढं झालं आहे.

ॲपलवर टीका केली की कोणीतरी गूगलचा झेंडा घेऊन येतो. पण गूगलही धुतल्या तांदळासारखं नाही. गूगलनेही २०१३ मध्ये विंडोज फोनवरचं मायक्रोसॉफ्टने बनवलेलं यूट्यूब ॲप अडवलं होतं. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडबाबत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला.

आणि ‘आपल्याला काय त्याचं’? व्हॉट्सॲपवर असलो म्हणून आपण मोकळे नव्हतो. २०२१ पर्यंत आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात फोन बदलला की जुनं चॅट नेण्याची अधिकृत सोय नव्हती. वारलेल्या आजीचे आवाजातले मेसेज जातील म्हणून कोणी जुनाच फोन वापरत राहिलं, तर ती त्याची निवड म्हणायची का? मोबाइल नंबरचंही आपल्याकडे असंच होतं. कंपनी बदलली की नंबर जायचा, म्हणून लोक रेंज नसतानाही त्याच कंपनीला चिकटून राहायचे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर लागू झाली. ती कंपन्यांनी आपणहून दिली नव्हती, सरकारने द्यायला लावली होती.