बुटावर खेळाडूचं नाव असतं, बूट घडवणाऱ्याचं का नसतं?

मागच्या महिन्यात माझे सात वर्षं वापरलेले स्नीकर टाकून द्यायची वेळ आली. टाकण्याआधी त्यातला एक बूट मी कटरने टाचेपासून चवड्यापर्यंत उभा चिरला. आत काय असतं ते एकदा बघायचंच होतं. तास-दीड तास लागला, मनगट भरून आलं. टाचेमागे कापडाच्या दोन थरांत लपवलेली एक कडक वाटी निघाली, टाच डगमगू नये म्हणून बसवलेली. फोमचा थर टाचेखाली जाड आणि पुढे उतरत गेलेला. तळाच्या रबरावरच्या खाचा चवड्याखाली वेगळ्या, टाचेखाली वेगळ्या. अंगठ्यापाशी कापड दुहेरी, कारण बूट आधी तिथेच फाटतो. जागोजागी कुणीतरी थांबून विचार केला होता. त्या माणसाचं नाव मात्र बुटावर नाही, खोक्यावर नाही, जाहिरातीत तर नाहीच.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं. सिनेमा संपला की दिवे लावणाऱ्याचंही नाव पडद्यावरून सरकतं. बुटावर नाव असतं ते तो घालून खेळणाऱ्याचं. खेळाडूंबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जी वस्तू माणूस दिवसभर अंगावर वागवतो, ती कुणाच्या डोक्यातून आली हे त्याला कळायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

टिंकर हॅटफिल्ड हे नाव त्यातल्या त्यात ऐकलेलं असेल. हा मुळात वास्तुविशारद. कॉलेजात पोल व्हॉल्ट खेळायचा. 1981 मध्ये नायकीत लागला तो कंपनीच्या इमारतींचं काम बघायला, बुटांकडे वळला 1985 मध्ये. मग पॅरिसला जाऊन त्याने पाँपिदू सेंटर पाहिलं. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांची ही इमारत 1977 मध्ये खुली झाली. पाण्याचे नळ, हवेचे पाइप, सरकते जिने, एरवी जे भिंतीआड दडवतात ते सगळं तिथे रंग देऊन बाहेर मांडलंय. पॅरिसकरांनी तिला भरपूर नावं ठेवली होती. हॅटफिल्डला तिच्यात बूट दिसला. नायकीच्या बुटांत हवेची पिशवी 1978 पासून होतीच, मॅरियन फ्रँकलिन रूडी या अवकाश क्षेत्रातल्या अभियंत्याची ती कल्पना. पण ती फोमच्या आत, कुणाला न दिसणारी. हॅटफिल्डने टाचेपाशी फोमला खिडकी पाडली आणि आतली हवा उघड्यावर आणली. कंपनीतल्याच काहींना वाटलं की हा गडी फार पुढे गेला. 1987 साली एअर मॅक्स 1 आला.

त्याच हॅटफिल्डने एअर जॉर्डन 3 करताना आधी बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनलाच विचारलं, तुला काय हवंय? जॉर्डनला असा बूट हवा होता जो पहिल्याच दिवशी वापरून मऊ झाल्यासारखा वाटेल. म्हणून मऊ, सुरकुतलेलं कातडं आलं आणि घोट्याची उंची कमी झाली. मला डिझाइन म्हणतात ते इथे दिसतं. रंगरंगोटी नंतरची.

सर्जिओ लोझानोचा एअर मॅक्स 95 मला याहून जास्त आवडतो. त्याने माणसाचं शरीरच बुटात उतरवलं: तळ म्हणजे पाठीचा कणा, नाडी ओवायच्या पट्ट्या म्हणजे बरगड्या, बाजूचे एकावर एक आलेले थर म्हणजे स्नायू, जाळी म्हणजे त्वचा. आणि खाली गडद, वर फिकट होत गेलेला करडा रंग? नायकी जिथली, त्या अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या पावसात धावणाऱ्याच्या बुटाला खालून चिखल लागतो, तो दिसू नये म्हणून. इतकं साधं आणि इतकं नेमकं!

त्यानंतरचा एअर मॅक्स 97 तर माझ्या म्हणण्याचा पुरावाच आहे. तो जपानच्या बुलेट ट्रेनवरून सुचला असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तो घडवणारा ख्रिश्चन ट्रेसर सांगतो की डोळ्यापुढे होती माउंटन बाइकची चकचकीत धातूची अंगं आणि पाण्यात थेंब पडल्यावर उठणारी वलयं. ज्याने केलं त्याला कुणी विचारलं नाही की त्याच्या कामाला भलतीच जन्मकथा चिकटते.

कॅरोलिन डेव्हिडसनबद्दल लिहिताना मला अजून त्रास होतो. 1971 साली पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या या मुलीने नायकीची ती खूण काढली, तासाला दोन डॉलरच्या हिशेबाने एकूण 35 डॉलरवर. पुढे 1983 मध्ये कंपनीने तिला शेअर आणि सोन्याची अंगठी दिली, हेही सांगायला हवं. पण ती खूण ओळखणाऱ्या किती जणांना तिचं नाव ओळखता येईल?

कुणी म्हणेल, एक बूट शेकडो हातांतून जातो, मग नाव कुणाकुणाचं घालायचं? मी म्हणते, सगळ्यांचं घाला, नाडीखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात. पॅटर्न कापणाऱ्याचं तर नक्कीच. कागदावरचं चित्र सपाट असतं आणि पाय सपाट नसतो. हा माणूस पायाच्या आकाराच्या फर्म्याला चिकटपट्टी गुंडाळतो, तिच्यावर बुटाच्या रेघा काढतो, पट्टी सोलून कापतो आणि टेबलावर सपाट करतो, तेव्हा कुठे कापडाचे तुकडे ठरतात. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की बूट चावतो. कातडं फर्म्यावर ताणून बसवणारं यंत्र यान मॅट्झेलिगरने केलं, 1883 चं पेटंट. सुरिनाममधून अमेरिकेत आलेला हा माणूस 36व्या वर्षी क्षयाने गेला. त्याचं नाव मला या महिन्याच्या आधी माहीत नव्हतं.

व्हर्जिल ॲब्लोचं नाव जगाला कळलं, हे मान्य. शिक्षणाने स्थापत्य अभियंता आणि वास्तुविशारद असलेल्या या माणसाने 2017 मध्ये दहा गाजलेले बूट उसवले, आतला फोम बाहेर दाखवला आणि बुटावर अवतरणचिन्हांत शब्द छापले. बूट कसा बनतो ते लोकांना त्याने बुटावरच दाखवलं. 2021 मध्ये 41व्या वर्षी तो गेला. मोठं नुकसान झालं.

आणि ड्वेन एडवर्ड्स. एलए गिअर कंपनीत फायली लावणारा पोरगा. सूचनापेटीत रोज एक बुटाचं चित्र टाकायचा, असं सहा महिने. एकोणिसाव्या वर्षी डिझायनर म्हणून घेतलं त्याला. पुढे जॉर्डनचे बूट केले आणि 2010 मध्ये पोर्टलंडला पेन्सोल ही बूट-डिझाइनची शाळा काढली. मला सगळ्यात जास्त भरून येतं ते त्या पेटीवर. समजा, ती कुणी उघडलीच नसती तर?

मी आता माझ्या कपाटातल्या खोक्यांवर मार्करने नावं लिहायला घेतली आहेत. हॅटफिल्ड, लोझानो, ब्रूस किलगोर (1982 चा एअर फोर्स 1 त्याचा). पाच खोकी झाली. सहाव्यावर जागा मोकळी आहे. चिरलेला बूट त्यातच ठेवलाय, फेकवला नाही. शिलाईची पद्धत, जिभेच्या आतला नंबर, सगळ्याचे फोटो खाली टाकते. कुणी ओळखलं तर सांगा, नाव लिहायचंय.